'प्रश्न उद्भवत नाही' : विधानसभेतल्या या उत्तराचा अर्थ कुणी सांगेल का?

आडावरची

नमस्कार मंडळी. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच खेप. गाव बालाघाटाच्या डोंगरात. तालुका मुद्दाम लिहीत नाही, उद्या परत त्याच साहेबांच्या टेबलासमोर उभं राहायचंय.

जलजीवन मिशनमधून आमच्याकडे नळयोजना आली. माणशी रोज ५५ लिटर, तेही घरात. नळ बसलेत हो, खोटं कशाला बोलू. आमच्या नळावर सासूबाई चहाची गाळणी वाळत घालतात, कारण त्याचा दुसरा काही उपयोग नाही. टाकीचे सहा खांब उभे आहेत आणि वर सळया आभाळात गेल्यात. टाकी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिक्सर घेऊन गेले, ते गेलेच. बाया अजून आडावर.

आमदार साहेबांकडे चार वेळा गेलो. त्यांच्या पीएंनी अर्ज ठेवून घेतला आणि खरोखर तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं) टाकला. उत्तराचा छापील कागद गावात आला तेव्हा मीच पारावर वाचून दाखवला. प्रश्न असा होता :

"सन्माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :–
(१) (गावाचं नाव) येथील नळ पाणीपुरवठा योजनेचे काम फेब्रुवारी, २०२४ पासून पूर्णपणे बंद असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, टाकीचे काम अपूर्ण असताना संबंधित ठेकेदारास संपूर्ण देयक अदा करण्यात आले, हे खरे आहे काय;
(३) असल्यास, याप्रकरणी चौकशी करून दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?"

आणि उत्तर :

"(१) हे अंशतः खरे आहे.
(२) हे खरे नाही.
(३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

एवढंच. आमच्या गावचं पाणी दीड ओळीत संपलं. पारावरचे एक आजोबा म्हणाले, "म्हंजी टाकी हाय का न्हाई?" मला सांगता येईना.

हे उत्तर लिहितं कोण? मंत्री स्वतः तर आमच्या गावाला आलेले नाहीत. खांबांवर टाकी नाही हे शेंबडं पोरगंही सांगेल, मग 'खरे नाही' कसं? आणि आता आम्ही काय करायचं?

कटिंग_चहा

ताई, सगळे एकाच ताटात जेवतात. प्रश्न विचारल्यासारखं करायचं, उत्तर दिल्यासारखं करायचं, मग कँटीनला भेटायचं. टँकर मागवा आणि शांत बसा.

कार्यासन_निवृत्त

चहावाले भाऊ, टँकरचा सल्ला तुमच्यापाशीच ठेवा.

ताई, 'प्रश्न उद्भवत नाही' हे मी माझ्या हातांनी किती वेळा टाईप केलंय याची मोजदाद नाही. मंत्रालयात ३१ वर्षं नोकरी, शेवटची ११ एका कार्यासनावर (एकेका विषयाचं टेबल म्हणा), निवृत्त होताना कक्ष अधिकारी. खातं सांगत नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : माझ्यासारखा माणूस लिहितो.

प्रवास असा. आमदारांचा प्रश्न विधानमंडळ सचिवालयात स्वीकृत झाला की खात्याकडे येतो, खात्यातून संबंधित कार्यासनाकडे. आम्ही जिल्ह्याला कळवतो, वर ठळक अक्षरात 'विधानसभा तारांकित प्रश्न – अतितात्काळ'. जिल्हा परिषदेचा विभाग उपविभागाला कळवतो, उपविभाग शाखा अभियंत्याला. म्हणजे ज्याच्या कामाबद्दल प्रश्न, बहुतेक वेळा माहितीही त्याचीच. तीच माहिती मग एकेक पायरी चढत वर येते आणि प्रत्येक पायरीवर थोडी थोडी घासली जाते. आमच्याकडे पोचेपर्यंत तिला धार राहत नाही.

आता तुमचा कागद बघू. मला त्यात फक्त दोन शब्द दिसतात : 'पूर्णपणे' आणि 'संपूर्ण'.

ठेकेदाराला अंतिम देयक दिलेलं नसणार. कामाची बिलं टप्प्याटप्प्याने निघतात, ती चालू देयकं. शेवटचं निघतं ते अंतिम. समजा ८५-९० टक्के रक्कम चालू देयकांत गेली आणि अंतिम देयक व सुरक्षा ठेव तेवढी राहिली. तर 'संपूर्ण देयक अदा केले' हे खरे आहे काय? नाही. कागदावर शंभर टक्के नाही. आणि (२) 'नाही' झालं की (३) मधलं 'असल्यास' पडतं, त्याच्या मागे (४) सुद्धा पडतो. पत्त्यांचा बंगला. खालचा एक पत्ता ओढला की झालं. 'पूर्णपणे बंद'चंही तसंच. कुणीतरी मे महिन्यात दोन दिवस चार पाइप पुरले असतील, तेवढ्यावर 'अंशतः'.

खोटं मात्र कुणी लिहीत नाही, हे ध्यानात घ्या. सभागृहाला चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाची सूचना येते आणि त्याला सचिवसुद्धा घाबरतात. आमचं कसब खोटं लिहिण्यात नव्हतंच. खरं किती कमी लिहिता येईल, त्यात होतं.

एक सांगतो, इतकी वर्षं मनात आहे. नागपूरचं हिवाळी अधिवेशन होतं. मुंबईहून फायलींच्या पेट्या गेलेल्या, आम्ही '१६० गाळे' नावाच्या कर्मचारी वसाहतीत एका खोलीत चौघं, थंडीने बोटं वळत नव्हती. एका पाझर तलावाचा प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या यादीत लागला होता. रात्री साडेनऊला जिल्ह्याला फोन लावला. पलीकडचा लिपिक बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "साहेब, तलाव फुटलाय. पण प्रश्नात 'वाहून गेला' लिहिलंय. भिंत एका बाजूने खचलीय, वाहून नाही गेली." मी लिहिलं, "हे खरे नाही." अवर सचिवांनी सही केली, उपसचिवांनी केली, पुढे सगळ्यांनी केली. कुणीही विचारलं नाही की बाबा, मग झालंय काय?

पण आता जे सांगतो ते नीट वाचा. छापील उत्तर दीड ओळीचं असतं, पण मंत्र्यांच्या हातात जी फाईल जाते तिच्यात त्याच्यासोबत एक पूरक टिपणी असते. आमदारांनी उपप्रश्न विचारला तर अडचण नको म्हणून. त्या टिपणीत मी सगळं लिहिलं होतं. तलावाची भिंत किती मीटर खचली, खर्च किती झाला, कोणत्या साली, कुणाच्या कारकिर्दीत, दुरुस्तीचा प्रस्ताव कुठे पडलाय. तीन पानं. दुसऱ्या दिवशी मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसलो होतो. प्रश्न पुकारला गेला. मंत्री उभे राहिले, छापील उत्तर वाचलं. आमदार महोदय उठले आणि चार मिनिटं त्या भागाच्या मागासलेपणावर बोलले. बोलणं चांगलं होतं, बाकं वाजली. त्यांनी 'भिंतीची आजची स्थिती काय?' एवढं विचारलं असतं, तर मंत्र्यांना टिपणीचं पहिलं पान वाचावं लागलं असतं. विचारलं नाही. तीन पानं जशीच्या तशी माझ्याकडे परत आली.

तुमच्या टाकीचीही अशी टिपणी कुठल्यातरी फाईलला टाचलेली आहे, ताई. पैज लावतो.

म्हणून, पुढच्या वेळी 'हे खरे आहे काय' यावर प्रश्न उभा करू नका. त्याला 'नाही' म्हणता येतं. 'किती', 'कोणत्या तारखेला', 'कोणत्या मोजमापाच्या आधारे' याला 'नाही' म्हणता येत नाही. आणि विचारण्याआधी मोजमाप पुस्तिकेची प्रत हातात घ्या. इंजिनिअर लोक तिला एमबी म्हणतात. कोणत्या दिवशी किती काम मोजलं आणि त्यावर किती बिल निघालं, ते तिच्यात असतं. माहिती अधिकारात मिळते. आपल्याकडचा नियम लक्षात ठेवा : एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. गावाचं गाऱ्हाणं त्यात लिहू नका. "अमुक योजनेच्या मोजमाप पुस्तिकेच्या व अदा केलेल्या सर्व देयकांच्या साक्षांकित प्रती." बस.

पीए_आहे_मी

कक्ष अधिकारी साहेब, दंडवत. पण तुमच्या पाझर तलावाच्या आमदारांची बाजू घेतो, कारण मी त्याच बाजूचा कारकून आहे. वेगळ्या जिल्ह्यातला.

अधिवेशन सुरू व्हायच्या कितीतरी आधी प्रश्न भरायचे असतात. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर निवेदनांचा ढीग, पेपरची कात्रणं आणि व्हॉट्सॲपवर आलेले फोटो. प्रत्येक गावाला फोन करून 'किती टक्के बिल निघालं' विचारायला माणूस कुठून आणू? म्हणून आम्ही साचा वापरतो. 'निदर्शनास आले, हे खरे आहे काय', 'असल्यास', 'नसल्यास'. साचा आमच्या आधीपासून चालत आलाय. 'भ्रष्टाचार', 'संगनमत' असलं काही लिहिलं की प्रश्न स्वीकृतच होत नाही किंवा शब्द गाळून येतो, कारण प्रश्नात आरोप, तर्क, मत चालत नाही. मग निवेदनातला राग काढून टाकला की शिल्लक राहतो तो हा सांगाडा.

आणि तोंडी उत्तराला प्रश्न लागणं हे नशीब. विधानसभेत आमदार २८८, प्रश्नोत्तराचा तास एक. पहिल्याच दोन-तीन प्रश्नांवर उपप्रश्न रंगले की खालच्या सगळ्यांची उत्तरं नुसती छापून पटलावर. गोंधळ झाला तर तासच बुडाला. छापील यादीत एका प्रश्नाखाली वीस-पंचवीस आमदारांची नावं बघून लोकांना वाटतं केवढा पाठिंबा. त्यातल्या निम्म्यांना प्रश्न कुठल्या तालुक्याचा तेही ठाऊक नसतं. आमच्या साहेबांचंही नाव असं कितीतरी प्रश्नांखाली आहे, कबूल करतो.

दुसरे रस्ते आहेत. नियम १०५ खाली लक्षवेधी लागली तर मंत्र्यांना निवेदन करावं लागतं आणि त्यावर प्रश्न विचारता येतात. पण ती लागायला विषय ताजा आणि मोठा हवा. एका टाकीवर नाही लागणार. दहा गावांच्या टाक्या एका ठेकेदाराकडे असतील तर लागेल. ताई, शेजारच्या गावांत विचारा, पाटी कुणाची आहे.

अर्थसंकल्पी अधिवेशनात खात्याच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. मागणी शंभर रुपयांनी कमी करावी, असं लिहायचं आणि खाली गाऱ्हाणं मांडायचं. शंभर रुपये कुणी कापत नाही, ते निमित्त. मतालाही ती सूचना टिकत नाही, बहुमत सरकारचंच असतं. पण कागद खात्यात जातो आणि कुणालातरी त्यावर टिपणी लिहावी लागते. आम्ही गावाकडचे बारके विषय बरेचदा इथेच घालतो. लोकांना हे माहीत नसतं, कारण टीव्हीवर दिसत नाही.

बाकी मंत्र्यांच्या तोंडून सभागृहात 'तीन महिन्यांत पूर्ण करू' असं एक वाक्य काढून घेतलं ना, तर ते आश्वासन धरलं जातं आणि आश्वासन समितीकडे जातं. मग ती समिती खात्याच्या मागे लागते, झालं का, का नाही झालं. चांगला आमदार उपप्रश्नात भाषण करत नाही, एवढं एक वाक्य वसूल करून खाली बसतो.

जमाखर्च

तिन्ही प्रतिसाद वाचले. सगळे सभागृहाबद्दल बोलताहेत. मी स्थानिक निधी लेखापरीक्षेत होतो, तेव्हा सभागृहाच्या मागल्या दाराबद्दल सांगतो.

प्रश्नाला दीड ओळीचं उत्तर देऊन सुटता येतं. समितीपुढे साक्षीला बसल्यावर तसं सुटता येत नाही. विधिमंडळाच्या समित्यांपैकी लोकलेखा समिती कॅगच्या (देशाच्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालावर खात्यांच्या सचिवांना बोलावते. राज्याच्या हिशोबावरचे कॅगचे अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतात, घटनेच्या १५१व्या अनुच्छेदात तशी तरतूद आहे. ते मोठं काम. तुमच्या कामाची आहे ती पंचायत राज समिती, कारण पैसा जिल्हा परिषदेतून गेलाय आणि तिच्या लेखापरीक्षणातले आक्षेप या समितीपुढे जातात.

'पीआरसी (हीच पंचायत राज समिती) येतेय' हे दोन शब्द जिल्हा परिषदेत काय करतात ते मी पाहिलंय. आठ दिवस आधी जिन्याला रंग. कुंड्या आल्या, त्यातल्या काही भाड्याच्या. सुट्ट्या बंद. कपाटांवरची धूळ पहिल्यांदा खाली आली आणि धुळीखालच्या फायलीही. जेवणावळींच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील, त्या मी इथे उगाळत नाही.

पण बैठकीत मी स्वतः हजर होतो, ते सांगतो. मुख्य कार्यकारी अधिकारी मध्ये, दोन्ही बाजूंना विभागप्रमुख, समोर आमदार. परिच्छेदवार, म्हणजे लेखापरीक्षणातल्या एकेका आक्षेपावर, विचारणा चाललेली. प्रत्येक परिच्छेदाला उत्तर तेच : 'अनुपालन सादर केले आहे', 'वसुलीची कारवाई सुरू आहे'. तास-दीड तास असाच गेला, एक सदस्य तर पेंगत होते. मग कोपऱ्यातल्या एका वयस्कर आमदारांनी, त्यांचं नाव कधी पेपरात येत नसे, एका रस्त्याच्या परिच्छेदावर एवढंच म्हटलं, "एमबी आणा." विभागप्रमुख म्हणाले, उपविभागात आहे. "मग आणा. तोपर्यंत मी इथंच बसतो." चाळीस किलोमीटरवरून जीपने एमबी आली. आमदारांनी पान उघडून मोजमापाची तारीख मोठ्याने वाचली आणि विचारलं, "या दिवशी तुमच्या तालुक्यात पूर होता. मोजमाप बोटीतून घेतलं का?" त्यानंतर कुणी पेंगलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल रामबाण औषध आहे. समितीपुढचे परिच्छेद कित्येकदा जुन्या सालांचे असतात. तोवर सही करणारा निवृत्त, ठेकेदाराची फर्म बंद. वसुली कुणाकडून? म्हणून परिच्छेद लवकर लिहिला जाणं महत्त्वाचं. जिल्हा परिषदेच्या त्या विभागाचं लेखापरीक्षण चालू असेल तेव्हा लेखापरीक्षकांच्या पथकाला लेखी निवेदन द्या, सोबत टाकीच्या खांबांचा तारखेसह फोटो. आम्ही लोक कागदावर चालतो. दहा हजार व्हाउचरांतून तुमचंच उपसून काढायला काहीतरी कारण लागतं, ते तुम्ही द्या. आणि समिती जिल्ह्यात आली की गावकऱ्यांनी भेटून निवेदन द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

ग्रंथालयात_बसणारा

अवांतर, पण राहवत नाही. दीड ओळीची उत्तरं काही आजची नाहीत. १९५७ साली लोकसभेत आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे का गुंतवले यावर आधी प्रश्न झाले, तेव्हाही गोलमोल उत्तरं मिळाली. मग डिसेंबरात फिरोज गांधी उठले ते शेअरचे भाव, तारखा, रकमा पुढ्यात घेऊन. स्वतः सत्ताधारी पक्षाचे खासदार, सासरे पंतप्रधान. महामंडळाचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची एकसदस्यीय चौकशी बसली, ती मुंबईत उघडपणे चालली, लोक गर्दी करून ऐकायला जात. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. कक्ष अधिकारी साहेब 'किती आणि कोणत्या तारखेला' म्हणताहेत, ते हेच.

कटिंग_चहा

सासरे पंतप्रधान असतील तर मीही विचारीन.

आडावरची

दीड महिना झाला, मधे काही लिहिलं नाही. आधी सगळ्यांचे आभार. चहावाल्या दादांचेही, टँकर खरंच मागवावा लागला.

माहितीच्या अर्जाला तिसाव्या दिवशी उत्तर आलं, एकोणतिसाव्या नाही. एमबीच्या प्रती मिळाल्या. मला वाचता येईनात, भाऊ डिप्लोमाला आहे त्याच्याकडून समजून घेतल्या. काका, तुम्ही पैज जिंकली असतीत. अंतिम देयक दिलेलं नाही. चालू देयकं चार निघालीत. चौथ्याच्या मोजमापात 'टाकीचा तळ-स्लॅब व भिंत' असं लिहून घनमीटर दिलेत, तारीख १८ मार्च २०२४. मिक्सर गावातून गेला फेब्रुवारीत. मी ते पान हातात घेऊन खांबांखाली जाऊन उभी राहिले, वर पाहिलं. सळयांवर साळुंक्या बसल्या होत्या. तिथे भिंत कुठली?

पीए दादा, शेजारच्या तीन गावांत विचारलं. दोन ठिकाणी पाटी त्याच ठेकेदाराची. तिसऱ्या ठिकाणी पाटीच नाही, चोरीला गेली म्हणतात.

आमदार साहेबांच्या पीएंना हा मजकूर द्यायचाय, उद्याच. कुणीतरी नजर घाला :

"(१) (गाव) येथील नळ पाणीपुरवठा योजनेच्या जवळपास सर्व कामांसाठी ठेकेदारास आजपर्यंत एकूण किती रक्कम, किती देयकांद्वारे व कोणत्या दिनांकास अदा करण्यात आली;
(२) चौथ्या चालू देयकात समाविष्ट असलेल्या टाकीच्या तळ-स्लॅब व भिंतीचे मोजमाप दिनांक १८ मार्च, २०२४ रोजी कोणी घेतले व त्याची तपासणी कोणी केली;
(३) सदर टाकीच्या बांधकामाची आजची प्रत्यक्ष स्थिती काय आहे;
(४) सदर योजनेद्वारे गावास पाणीपुरवठा कोणत्या दिनांकापर्यंत सुरू करण्यात येणार आहे ?"

कार्यासन_निवृत्त

ताई, मी अजून त्या खुर्चीवर असतो तर हा कागद बघून आधी पाणी प्यायलो असतो आणि मग जिल्ह्याला फोन लावला असता.

(२), (३) आणि (४) ला हात लावू नका. १८ मार्चच्या पानाची झेरॉक्स आमदारांच्या खिशात असू द्या, प्रश्नाला जोडू नका. उपप्रश्नाला लागेल. तोंडी आलाच नाही प्रश्न, तरी (३) चं लेखी उत्तर काय येतं ते बघू. तिथे त्यांना टाकी तरी लिहावी लागेल नाहीतर खांब.

(१) मधून 'जवळपास सर्व' काढा.